अर्ध्या बीएचकेची भिंत

आमचा फ्लॅट अडीच बीएचके आहे. बिल्डरने दोनच बांधले होते. वरचा अर्धा आधीच्या मालकांनी हॉलच्या पोटातून काढला. मधे जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घातलं, पलीकडे एक टेबल नि एक फिरती खुर्ची टाकली, आणि फ्लॅट विकताना त्या जागेचा उल्लेख 'स्टडी' असा करून भाव वाढवून घेतला. तिथे कुणी अभ्यास केल्याची कुठलीही खूण नव्हती. पार्टिशन मात्र देखणं होतं. पुट्टी, रंग, खाली स्कर्टिंग. एखाद्या खानदानी भिंतीने खाली मान घालावी असं.

हॉलला बाजू चारच. एकीकडे गॅलरीचं सरकतं दार, दुसरीकडे खिडकी, तिसरीकडे स्वयंपाकघराचा रस्ता. उरली ही. त्यामुळे नवा पंचावन्न इंची टीव्ही कुठे लावायचा यावर घरात चर्चा झाली नाही. आमच्या घरात चर्चा न होता ठरलेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

टीव्ही बसवायला मुलगा आला. पाठीवर सॅक, हातात ड्रिल, कानाशी दुसऱ्या कस्टमरचा फोन. खोकं उघडण्याआधी तो भिंतीपाशी गेला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवलं. ढब. जरा सरकून पुन्हा. ढब.

"सर, ही भिंत नाहीये."

"मग काय आहे?"

"पार्टिशन आहे. यात स्क्रूची गिट्टी धरत नाही. लावून देतो, पण कस्टमरच्या जबाबदारीवर म्हणून लिहून द्या. नाहीतर टेबल स्टँडवर ठेवा."

टेबल स्टँड म्हणजे टीव्हीचे दोन पाय. हल्ली ते मधे नसतात, दोन टोकांना असतात. आमचं टीव्ही युनिट तीन फुटी, पायांतलं अंतर त्याहून जास्त. दोन्ही पाय एकाच वेळी युनिटवर ठेवणं भूमितीत बसत नव्हतं. मुलाने ते पाहिलं, "बघा काय करताय ते" म्हणाला आणि ओटीपी घेऊन गेला. टीव्ही खोक्यातच होता. कॉल मात्र 'पूर्ण' झाला होता.

त्यानंतर आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस भिंत वाजवू लागला. यात एक शास्त्र असतं असं माझ्या लक्षात आलं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले समोरचे काका बोटाच्या पेराने वाजवतात, डोळे मिटतात आणि उत्तर आतून यायचं असल्यासारखे थांबतात. दूध-पेपरवाले तळहाताने थापटतात. वाजवून झाल्यावर मात्र सगळे एकच वाक्य बोलतात : "पोकळ आहे हो." जणू आम्ही ती भरीव म्हणून लोकांना दाखवत होतो.

काकांनी पुढची माहितीही पुरवली. हे बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे जिप्समचा थर, जाडी साडेबारा मिलिमीटर. १८९४ साली सॅकेट नावाच्या अमेरिकन माणसाने अशा फळ्यांचं पेटंट घेतलं. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, आग लागली की त्याची वाफ होते आणि आग पलीकडे पोचायला वेळ लागतो. पाचवा हिस्सा म्हटल्यावर आमच्या दूधवाल्याचं प्रमाणही याच आसपास असावं असं मी म्हणालो. काका हसले नाहीत. "विटेत गिट्टी फुगते आणि गच्च बसते," ते म्हणाले, "इथे फुगली की खडूचा भुगा. पंधरा किलो वजन आहे, डोक्यावर येईल कुणाच्या."

आईला हे पटेना. "वाड्यात खुंटीला भरलेली पोती लटकायची. आणि जुना टीव्ही तर दोघांना उचलायला लागायचा."

जुना एकोणतीस इंची डबा चाळीस किलोच्या घरात होता, हे खरं. पण तो शोकेसवर बसायचा आणि शोकेस जमिनीवर. त्याच्या वजनाची काळजी फक्त घर बदलताना व्हायची. आताचा त्याच्या निम्म्याहूनही हलका, पण लटकवायचा, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला.

मग न्यू जर्सीहून मेहुण्याचा व्हिडिओ कॉल. "दाजी, काय घाबरताय? आमच्याकडे सगळ्या भिंती अशाच. मी पंचाहत्तर इंची लावलाय." पुरावा म्हणून त्याने तिथली भिंतही वाजवून दाखवली. ढब. "स्टड शोधायचा, म्हणजे बोर्डामागचा उभा दांडा, त्यात लांब स्क्रू मारायचा, विषय संपला. दर सोळा इंचांवर एक असतो."

मेहुण्याचं गणित बरोबर होतं, पण त्याच्या भिंतीपुरतं. त्याच्याकडे स्टड लाकडी, दीड इंच जाड. स्क्रू आत गेला की लाकूड त्याला सोडत नाही. आमच्याकडे जीआय पत्र्याचे, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. जरा जास्त आवळलं की आटे गेलेच. शिवाय आमच्याकडे अंतर चोवीस इंच.

स्टड शोधायला यंत्र मिळतं, पण फ्रिजवरचा लोहचुंबकही पुरतो. बोर्ड ज्या स्क्रूंनी पत्र्याला आवळलेलं असतं त्यांची डोकी पुट्टीखाली असतात, तिथे चुंबक चिकटतो. रात्री दिवे घालवून, टॉर्च भिंतीला लगटून धरून, हातात चुंबकाचा गणपती घेऊन मी त्या भिंतीवरून सावकाश गोल गोल फिरवत होतो. आई पाणी प्यायला उठली. थोडा वेळ बघत राहिली.

"दृष्ट काढतोयस का तिची?"

"स्टड शोधतोय."

"मीठ-मोहऱ्या देऊ?"

गणपती एकदाचा टक् करून चिकटला. फूटभर वर पुन्हा टक्. पेन्सिलीने उभी रेघ मारली. तिथून चोवीस इंचांवर दुसरी. आणि टीव्ही अडकवायचं ब्रॅकेट होतं सतरा इंची. म्हणजे एक टोक स्टडवर घेतलं की दुसरं हवेत.

आता बायकोची मागणी. तिला हाताने पुढे ओढता येईल, वळवता येईल असं ब्रॅकेट हवं होतं, म्हणजे जेवणाच्या टेबलावरूनही दिसेल. काकांनी पेपराच्या कडेला हिशेब मांडला. पंधरा किलोचा टीव्ही भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर, ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट वीस सेंटिमीटर अंतरावर. वरच्या बोल्टांवर बाहेर ओढणारा जोर पावणेचार किलो. तोच टीव्ही हाताने चाळीस सेंटिमीटर पुढे ओढला की तीस किलो. "वजन तेवढंच, ओढ आठपट," काकांनी खाली दोन रेघा मारल्या. बायकोने हिशेब तपासला, बरोबर निघाला, आणि मग तिने जेवणाचं टेबल हलवायचं ठरवलं. ते आता गॅलरीच्या दारात आहे आणि कपडे वाळत घालायला आम्ही वाकून जातो.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनीही वाजवलं, पण आम्हाला काही न सांगता सरळ स्टडीत गेले आणि पलीकडून वाजवलं.

"बटरफ्लाय लावू का प्लाय घालू?"

बटरफ्लाय म्हणजे पंख मिटून भोकातून आत जाणारा आणि आत गेल्यावर पंख उघडून बोर्डाला पाठीमागून धरणारा बोल्ट. चपट्या ब्रॅकेटला, हलक्या टीव्हीला चालतो. "पण धरणार कुणाला? बोर्डालाच ना?" मिस्त्री म्हणाले. "तुमच्याकडे लहान मुलं लोंबकळतात का?" लहान मुलं नाहीत, पण आई रिमोट सापडला नाही की टीव्हीच्या मागे हात घालून बटण चाचपते. प्लाय ठरला.

स्टडीच्या बाजूने बोर्ड कापलं. पहिल्यांदाच त्या भिंतीच्या आत बघायला मिळालं. गुटख्याच्या पुड्या, तुटलेलं करवतीचं पान, पेपरचा बोळा. आणि एक विजेची वायर, पाइप नाही, क्लिप नाही, आमच्या पेन्सिलीच्या चौकोनातून तिरकी गेलेली. त्या मुलाने 'कस्टमरच्या जबाबदारीवर' ड्रिल चालवलं असतं तर जबाबदारी नेमकी कुठपर्यंत गेली असती, ते कळलं. मिस्त्रींनी वायर पाइपात घालून बाजूला घेतली, पत्र्याच्या स्टडांच्या पोटात लाकडी पट्ट्या बसवल्या, त्यांवर अठरा एमएमचा प्लाय आवळला, मग बोर्ड, पुट्टी, रंग. भोकं पाडताना हॅमर बंद ठेवून नुसतं ड्रिल चालवलं. बोर्डात बिट आवाज न करता जातो, लाकूड लागलं की भुश्शाचा रंग बदलतो. आवाज नाही म्हटल्यावर काका चौकशीला आले. ड्रिलिंगची तक्रार करायची त्यांची तयारी झाली होती, ती वाया गेली.

ब्रॅकेट बसल्यावर मिस्त्रींनी चपला काढल्या, दोन्ही हातांनी ते धरलं आणि पाय उचलले. साठ-पासष्ट किलोचा माणूस आमच्या अर्ध्या बीएचकेला लोंबकळत होता. पलीकडे स्टडीत बायको भिंतीकडे बघत होती. "काही होत नाहीये," ती ओरडली. "होणार पण नाही," मिस्त्री लोंबकळतच म्हणाले.

टीव्ही चढवायला पुन्हा कॉल नोंदवावा लागला, पैसेही पुन्हा. या वेळी दुसराच मुलगा. त्यानेही वाजवलं. ठक. "पार्टिशन असं लिहिलंय इथे," तो मोबाइल बघत म्हणाला, "ही तर भिंत आहे." पंधरा मिनिटांत टीव्ही लागला.

फक्त प्लायचं एक राहिलं. दुकानात तो आठ बाय चारच्या अख्ख्या फळीतच मिळाला. आम्हाला लागला त्याचा लहानसा तुकडा, बाकीचा स्टडीत उभा केलाय, त्यामुळे फिरती खुर्ची आता फिरत नाही. काकांनी तो मागितला आहे. त्यांच्याकडेही एक पार्टिशन आहे म्हणे. गेल्या आठवड्यात त्यांनी टेप आणली आणि मापं घेतली, पण घेऊन कधी जाणार ते बोलत नाहीत. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणतात, "देऊ नका साहेब. स्टडीच्या बाजूनेही एक टीव्ही बसतो."