हार्डविक हॉलमधला दगड नेमका कुठे आहे?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. मी कौतुक केलेला इंग्लंडमधला हार्डविक हॉल हा वाडा हिंदुस्थानच्या लुटीवर उभा राहिला, त्याचे गोडवे कशाला गायचे? आणि दर्शनी बाजू सगळी काचेची असताना मी त्याला उत्तम दगडी बांधकाम कसं म्हणतो?

पहिल्याचं उत्तर सनावळीतच आहे. डर्बीशरमधलं हे घर बांधलं १५९० ते १५९७ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० सालच्या शेवटच्या दिवशी. मालकीण बेस ऑफ हार्डविक. तिचा पैसा चार लग्नांतून हाती आलेल्या जमिनींचा, मेंढ्यांचा, शिशाच्या नि कोळशाच्या खाणींचा. तिथे कुणी भरडलं गेलं नाही असं नाही, पण ते तिकडचेच लोक. कंपनीच्या पैशाचं घर हवं असेल तर ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट घ्या. तिथे तुमचा मुद्दा तिथल्या मुघल घाटाच्या घुमटासकट लागू पडतो!

दुसऱ्या आक्षेपावर बोलायला मजा आहे. तुम्ही दगड बाहेर शोधताय, तो आत आहे. रॉबर्ट स्मिथसनने (आराखडा त्याचाच मानतात) धुराडी बाहेरच्या भिंतींत न ठेवता आतल्या जाडजूड भिंतींत घेतली. त्यामुळे बाहेरच्या भिंतींना एवढी मोठी भगदाडं पाडूनही त्या कमकुवत झाल्या नाहीत. आता खिडक्या खालून वर बघत जा. तळमजल्यावर ठेंगण्या, वर जावं तशा उंच, आणि सगळ्यात उंच दुसऱ्या मजल्यावर, कारण मानाची दालनं तिथे. जितकं वर, तितका दगड कमी, वजनही कमी. दगडाची जाण नसलेल्याला हे जमलं नसतं. दगड तरी कुठला? टेकडीच्या उतारावरच्या खाणीतला वालुकाश्म. त्याच दगडात बुरुजांच्या माथ्यावर बाईंनी स्वतःची आद्याक्षरं कोरून घेतली, मैलभरावरून दिसतील एवढी. नम्रता हा काही तिचा गुण नव्हे.

एवढ्या काचेमुळे घर थंड असणार असं म्हणाल तर ते खरंच. म्हणून तर भिंतींवर चित्रं विणलेले लोकरी पडदे टांगलेत. लाँग गॅलरी या लांबलचक दालनातले तिने १५९२ मध्ये वापरलेलेच विकत घेतले आणि आधीच्या मालकाची कुलचिन्हं झाकायला खर्च येईल म्हणून ५ पौंड कमी करून घेतले.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच पुरवतो: दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून काही खिडक्यांच्या काचेमागे चक्क भिंत आहे. त्याला ढोंग म्हणा, मी वाद घालणार नाही.