घर खंय आसा ता सांग

आज डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना गेममधलं काही कळत नाही त्यांनी मामाचा भाग तेवढा वाचा आणि लाईक करून सोडून द्या.

काल रात्री साडेनऊपासून सव्वाअकरापर्यंत मी एका चंद्रावर एक पडकं ठाणं शोधत होतो. स्पेसशिपचा गेम, नाव घेत नाही, खेळणाऱ्यांना बरोबर कळेल. अख्खी आकाशगंगा आहे त्यात, 40 हजार कोटी तारे, काळ चौतिसाव्या शतकाचा. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर नकाशात टिचकी मारा, रस्ता आखून मिळतो, वाटेत इंधन कुठे भरायचं तेही कळतं. इतकं सगळं डोकं लावलंय. आणि एकदा का तुम्ही ग्रहाच्या जवळ गेलात की या चौतिसाव्या शतकातल्या जहाजाची सगळी अक्कल संपते. स्क्रीनवर दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश, तुम्ही आत्ता कुठे आहात त्याचे. वर एक होकायंत्राची पट्टी. बास.

अरे पण मला जायचंय कुठे? मला जायचंय वजा 41.27, 112.60 ला. हे कुठे टाकू? कुठेच नाही. नकाशात तो चंद्र गरागरा फिरवता येतो, चहाच्या कपासारखा सगळ्या बाजूंनी बघता येतो, पण त्यावर एक खूण करता येत नाही. एक खूण!! जागा गेमच्या यादीत असेल तर निशाण दिसतं, नसेल तर तुम्ही आणि तुमचे दोन आकडे.

आता इथे मला मामा आठवतो. नेहमीच आठवतो.

2003 सालची गोष्ट, मी अकरा वर्षांचा. आमचा मामा देवगडचा, तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान, आयुष्य बोटीवर गेलं. मे महिन्याची अखेर, पावसाळ्याची मासेमारी बंदी लागायच्या आधीची शेवटची फेरी, मी हट्ट करून बसलो म्हणून घेऊन गेला (आईला नंतर कळलं, तो वेगळाच अध्याय). संध्याकाळी परत येताना असा काही पाऊस आला की बोटीचं पुढचं टोक दिसेना. मामाने त्याच वर्षी जीपीएसचा सेट घेतला होता, हातात मावणारा, हिरव्या स्क्रीनचा. खलाशाने प्लास्टिकच्या पिशवीतून तो काढून दिला. स्क्रीनवर दोन आकडे. मामाने बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाला, "आमी खंय आसव ता माका म्हायत आसा. घर खंय आसा ता सांग."

आणि सेट गेला परत पिशवीत.

काल रात्री मी हुबेहूब तेच बोललो, फक्त त्यात दोन शिव्या जास्त होत्या.

बरं, गणित करून जाऊ म्हटलं, कागद-पेन घेतलं. चंद्राची त्रिज्या 1200 किलोमीटर, म्हणजे एक अंश साधारण 21 किलोमीटरचा, आपल्या पृथ्वीवर तो 111 चा असतो. मी होतो वजा 40.90, 113.40 वर. दक्षिणेला पावणेआठ किलोमीटर, पश्चिमेला पावणेसतरा, कोन काढला 245, त्या दिशेला नाक धरलं आणि सुटलो. पोचलो तर काय, दगड. नुसते दगड. अर्धा तास त्या दगडांवर घिरट्या घातल्यावर ट्यूब पेटली की रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात, 41 अक्षांशावर आडवा अंश 21 चा राहतच नाही, 16 किलोमीटरच्याही आत येतो. खरा कोन 238-239 हवा होता. सहा-सात अंशांची चूक, पंधरा किलोमीटरच्या वाटेत पावणेदोन किलोमीटर बाजूला. हे सगळं भूगोलात शिकलोय आपण, मान्य. पण मी दिवसभर ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरून आलेला माणूस आहे, रात्री दहा वाजता मी कोसाइन का काढू? आणि जहाजाला माझी जागा माहितीये, चंद्राचा आकार माहितीये, मग ही एक वजाबाकी त्याने करायला काय हरकत आहे?

गेमच्या ग्रुपवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "शोधण्यातच तर मजा आहे." ठीक आहे, असते मजा, थोडी. दुसरं उत्तर, बाहेरचा कॅल्क्युलेटर वापर, दुसऱ्या स्क्रीनवर उघडून ठेव. म्हणजे पैसे देऊन गेम घ्यायचा आणि त्याचा होका दुसऱ्याकडून मागून आणायचा! आणि एक शहाणा तर म्हणाला खऱ्या चंद्रावर पण असंच झालं होतं. हो, झालं होतं. जुलै 1969 मध्ये आर्मस्ट्राँग ठरल्या जागेच्या बराच पुढे उतरला, वर चंद्राभोवती फिरणारा त्याचा साथीदार मायकेल कॉलिन्स सेक्स्टंटच्या दुर्बिणीतून त्यांचं यान शोधत होता आणि त्याला ते शेवटपर्यंत दिसलं नाही. पण बाबांनो, पुढच्या चार महिन्यांत त्यांनी ते सुधारलं की नाही? नोव्हेंबरमध्ये अपोलो 12 आधीच उतरलेल्या सर्व्हेयर 3 या बिनमाणसाच्या यानापासून दोनशे मीटरच्या आत उतरलं. चार महिने! इथे मी कित्येक वर्षं वाट बघतोय आणि काल अपडेट आला त्यात काय, तर जहाजाला लावायला नवीन रंग. विकत.

असो. तर अकराच्या पुढे लाईट गेली. पाऊस कोसळत होता, इन्व्हर्टर गेल्या आठवड्यापासून दुरुस्तीला. मामा सध्या आमच्याकडेच असतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, झोप लागत नाही म्हणून येऊन बसला शेजारी काळोखात.

"काय रे, खंय पोचलंस?"

आता याला काय सांगायचं. पण लाईट नव्हती, करायला काही नव्हतं, मग सांगितलं सगळं. चंद्र, दोन आकडे, ठाणं. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे ता सांगता काय?" म्हटलं, मी कुठे आहे ते सांगतं. काळोखात हसल्याचा आवाज आला. म्हणजे त्यालाही तीच पावसातली संध्याकाळ आठवली असणार.

त्या संध्याकाळी त्याने काय केलं होतं ते अजून डोळ्यासमोर आहे. इंजिन बंद केलं, दोरीला शिसं बांधून खाली सोडलं आणि किती वाव खोल पाणी आहे ते मोजलं, तळाची माती शिशाला चिकटून वर आली ती बोटावर घासून बघितली. वास पण घेतला, देवाशप्पथ. मग इंजिन चालू करून हळूहळू निघाला, आणि कधीतरी पाऊस जरा विरळ झाला तेव्हा किल्ल्याकडच्या लाईटहाऊसचा दिवा एकदा चमकला. एकदाच. तेवढ्यावर बोट वळली. दुसऱ्या दिवशी बंदरातल्या एका पोराने त्याला दाखवलं की धक्क्यावर उभं राहून एक बटण दाबलं की सेट ती जागा लक्षात ठेवतो, मग कुठूनही बाण दाखवतो, किती मैल ते पण. त्यानंतर मामाने त्या सेटला कधी नाव ठेवलं नाही. एक बटण हो. 2003 सालचं.

तर मामा म्हणाला, "पयलो एक आकडो जुळव. मगे दुसऱ्याच्या मागे लाग."

मी गप्प. कारण जुने दर्यावर्दी हेच करायचे. अरबांकडे कमाल नावाची लाकडी पट्टी असायची, तिच्या गाठी मारलेल्या दोरीचं टोक दातात धरायचं आणि ध्रुवताऱ्याची उंची मोजायची, तोच साधारण तुमचा अक्षांश. देवगडला ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण 16 अंश वर. ती उंची जुळेपर्यंत उत्तर-दक्षिण करायचं, मग किनारा लागेपर्यंत सरळ पूर्वेला. मामाने कमाल कधी बघितलेली नाही, त्याला हे कोणी शिकवलं तेही त्याला सांगता येत नाही. आणि मी कोसाइन काढत बसलेलो.

पावणेबाराला लाईट आली. मामा खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसला. आधी दक्षिण-उत्तर करून अक्षांश वजा 41.27 वर आणला. मग नाक 270 वर, म्हणजे थेट पश्चिमेला, आणि रेखांशाचा आकडा उतरताना बघत बसलो दोघं. 113.10. 112.90. एक टेकाड आलं ते पार केलं. 112.70 ला मामाच म्हणाला, "दिवो." मला दिसला नव्हता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बघितला त्याने, टेकाडाच्या सावलीत बारीक लाल उघडझाप करणारा.

ठाण्यात फार काही नव्हतं, दोन डबे आणि एक तुटका अँटेना. मी खूश होऊन स्क्रीनशॉट काढायला लागलो तर मामा विचारतो, घर नोंदवलंस काय? म्हटलं मामा, तेच तर सांगतोय तासभर, तसं बटणच नाही यात.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू बटण मीच हरवलंय. मग उठला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आईने गॅस सिलिंडरची तारीख लिहिलीये त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात दोन्ही आकडे लिहिले आणि झोपायला गेला.

सकाळी आई विचारत होती, हा कोणाचा फोन नंबर आणि त्यात एवढे टिंब कशाला.