दुसरे नाव, तिसरे भोक

आज संध्याकाळी मराठी मित्रमंडळींच्या जेवणात २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या फ्लोरिडा राज्याच्या निकालाचा विषय निघाला आणि "तिथल्या म्हाताऱ्यांना कार्डावर साधे भोक पाडता आले नाही" असे कोणीतरी म्हणताच सगळे हसले. मला ते अजून सहन झालेले नाही. त्या ७ नोव्हेंबरला पाम बीच काउंटीतल्या माझ्या शेजारच्या आजींना मतदानाला मीच गाडीने नेले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या त्या बाई परतताना बराच वेळ गप्प होत्या आणि मग त्यांनी विचारले, "गोर यांचे नाव दुसरे होते, म्हणजे भोकही दुसरेच ना?"

ते तिसरे होते. मत देताना उमेदवाराच्या नावासमोरचे भोक कार्डावर पाडायचे असे. नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोके मधल्या एकाच रांगेत असल्यामुळे, डावीकडे रिपब्लिकन उमेदवार बुश यांच्या खाली डेमोक्रॅट गोर असले तरी दुसरे भोक उजव्या पानावरच्या रिफॉर्म पक्षाच्या पॅट ब्यूकॅनन यांचे होते. वृद्धांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली आणि त्यापायी नावे दोन पानांवर गेली. हेतू वाईट नव्हता, आणि नमुना मतपत्रिका आधी घरी आली होती, हेही मान्य. पण ब्यूकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मते पडली, आणि आपल्याला चुकून मत पडणे सहज शक्य होते, हे खुद्द त्यांनीच कबूल केले. शिवाय एकोणीस हजारांहून अधिक कार्डे एकाहून जास्त भोके पडल्यामुळे बाद झाली. इतकी माणसे एकाच दिवशी, एकाच काउंटीत मूर्ख कशी होतील? कागद चुकीचा होता, आणि हसे मात्र माणसांचे झाले!

राज्यातल्या सुमारे साठ लाख मतांतून बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. १२ डिसेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने तिथल्या मतांची फेरमोजणी कायमची थांबवली, राज्याची २५ इलेक्टोरल मते (अध्यक्ष ठरतो तो याच राज्यवार मतांवर) बुश यांना मिळाली आणि देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवलेले गोर हरले. ग्रीन पक्षाच्या नेडर यांनी फ्लोरिडात ९७ हजार मते घेतली म्हणून गोर हरले, हे मला आजही ऐकवले गेले. घेतली असतील, पण ती देणाऱ्यांनी जाणूनबुजून दिली होती. आजींनी आपले मत तसे दिले नव्हते.

दूरदर्शनवर ती मतपत्रिका दाखवली तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोटाने नावांपासून भोकांकडे जाणारे बाण मोजले आणि काही न बोलता त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आज जेवताना मला तेच बोट आठवत राहिले, म्हणून मी तिथे रागाने बोलले. ज्यांना लागले असेल त्यांची क्षमा मागते.

पुढच्या वर्षी राज्याने भोके पाडायची कार्डे कायद्याने बंद केली. २००४ साली मी आजींना पुन्हा घेऊन गेले. बाहेर आल्यावर, आपण निवडलेले नाव नव्या मतदानयंत्राच्या पडद्यावर नीट वाचून घेतले, हे त्यांनी मला गाडीत तीनदा सांगितले.