लोकांचे टीव्ही, आपलं तळघर

तळघर रिकामं आहे, पाठ अजून शाबूत आहे आणि शनिवारी सकाळी तुमच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, अशी तिन्ही संकटं एकदम कोसळली असतील तर जुने रंगीत टीव्ही जमवायला घ्या. शिकागोच्या आसपास राहत असाल तर उत्तमच. या रोगाची इतकी चांगली हवा दुसरीकडे नाही.

मात्र आरसीए, झेनिथ असली घरंदाज नावं जमवू नका. ती कुणीही जमवतो. १९५४ सालचा आरसीए सीटी-१०० हे त्या पंथाचं ज्योतिर्लिंग. तेव्हाची किंमत १,००० डॉलर, ट्यूब १५ इंची. ज्यांच्याकडे तो असतो ते तुमच्याशी बोलताना किंचित वर बघून बोलतात. तुम्ही जमवायचे ते दुकानाच्या नावाचे टीव्ही. सिअर्सचा सिल्व्हरटोन, माँटगोमेरी वॉर्डचा एअरलाइन, जेसी पेनीचा पेनक्रेस्ट, वेस्टर्न ऑटोचा ट्रूटोन. यांना कुणी वर बघून बोलत नाही, कारण यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मैदान मोकळं आहे.

यातल्या एकाही दुकानाने टीव्ही बनवला नव्हता. बनवायचा कुणी भलताच, वर नाव दुकानाचं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. दादरहून आलेली चकली आपण स्टीलच्या डब्यात काढतो आणि ‘घरचीच आहे हो, या वेळी जरा खुसखुशीत झाली’ म्हणून शेजारी पाठवतो. सिअर्सने तेच केलं, फक्त डबा अक्रोडाच्या लाकडाचा. तुम्ही आता निवृत्तीपर्यंत एवढंच करायचं आहे की चकली नेमकी कुणी तळली ते शोधायचं.

शोधाची सुरुवात टीव्हीच्या पाठीमागून होते. पुढून बघायला तुम्ही काय गिऱ्हाईक आहात? मागच्या पुठ्ठ्यावर कागदी लेबल असतं, त्यावर लांबलचक आकडा आणि मध्ये एक टिंब. टिंबाआधी ५२८ असेल तर तो सिल्व्हरटोन शिकागोला चिकटून असलेल्या नाइल्स गावच्या वॉरविक कंपनीचा. वॉरविकचा टीव्हीचा धंदा पुढे १९७० च्या दशकात सॅन्योने घेतला. वॉर्डचा एअरलाइन असेल तर तो शिकागोच्याच वेल्स-गार्डनरचा असू शकतो. हीच कंपनी नंतर नाण्यांवर चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांना मॉनिटर पुरवू लागली. मग आत डोकवा. पिक्चर ट्यूबच्या लेबलावर २७४ दिसलं की ती आरसीएची, ३४३ दिसलं की झेनिथची. म्हणजे नाव सिअर्सचं, चासी (आतला सर्किटांचा सांगाडा) वॉरविकची, ट्यूब आरसीएची आणि सुतार कोण ते देव जाणे. एवढी कुळकथा तुम्हाला स्वतःच्या पणजोबांची सांगता येणार नाही. पाहुण्यांना मात्र ही ऐकवायचीच. पोहे होईपर्यंत त्यांना उठून कुठे जाता येत नाही.

आता माल कुठे मिळतो. दुकानांत विचारू नका, दुकानंच राहिलेली नाहीत. १८७२ साली टपालाने माल विकायला सुरुवात केलेलं माँटगोमेरी वॉर्ड २००१ मध्ये आटोपलं. ज्या सिअर्सने १९७३ मध्ये शिकागोत ११० मजल्यांचा मनोरा पुरा केला, त्याने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज भरला, आणि इलिनॉयमधलं त्याचं शेवटचं दुकान शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरात बंद झालं. मनोऱ्यालासुद्धा आता दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. त्याच्यावरही कंपनीने आपलं लेबल लावून पाहिलं, टिकलं नाही.

तेव्हा इस्टेट सेल गाठा, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या घरातच होणारी सामानाची विक्री. बर्विनसारख्या जुन्या वस्तीतला विटांचा बंगला, म्हातारी गेलेली, मुलं अॅरिझोनाला, आणि दारात पहाटे पाच वाजता नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन उभी असलेली गर्दी. सिद्धिविनायकाला अंगारकीच्या रांगेत उभं राहण्याचा अनुभव इथे कामी येतो. दार उघडलं की बाकीचे दागिने, काचसामान आणि हत्यारांकडे धावतील. तुम्ही शांतपणे जिना उतरा. टीव्ही तळघरात असतो. ओळखण्याची खूण अशी की त्याच्या डोक्यावर दुसरा टीव्ही असतो. थोरला बंद पडला, पण लाकूड चांगलं म्हणून त्याचं टेबल झालं. त्यावर १९८० च्या सुमाराचा धाकटा, आणि त्यावर कुटुंबाचे फोटो. थोरल्या पिढीच्या डोक्यावर धाकट्या पिढीने बसायचं, ही एकत्र कुटुंबपद्धती अमेरिकेत एवढ्या एकाच ठिकाणी टिकली आहे.

किंमत विचारू नका. विक्रेता तुम्हालाच विचारेल, खरंच नेणार का? कारण २०१२ पासून इलिनॉयमध्ये टीव्ही कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. ट्यूबच्या काचेत काही किलो शिसं असतं, ते मातीत जायला नको म्हणून. रिसायकलवाल्याकडे नेलं तर तोच वर पैसे मागण्याची शक्यता जास्त. अशा वेळी तुम्ही प्रकट होता, ‘फारच सुंदर आहे हो’ म्हणत. म्हातारीच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. ते आईच्या आठवणीचं आहे असं तुम्ही समजायचं. फुकट मिळतोय म्हणून घासाघीस सोडू नका, सवय मोडते. शेजारचा दिवा तरी मागून घ्या.

उचलायचा कसा, हा प्रश्न मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो. ऐंशी-नव्वद किलो, सगळं वजन पुढच्या काचेकडे, आणि जिना पुढच्या शतकातल्या माणसासाठी बांधलेला नाही. मंडळाच्या गणपतीला मूर्ती उचलणारे चौघे बोलवा. आधी ‘जरा एक वस्तू आणायची आहे’ एवढंच सांगा. दुसऱ्यांदा ते येणार नाहीत, म्हणून संग्रह वाढवायचा तर मित्रही त्याच वेगाने वाढवावे लागतात.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावण्याचा मोह होईल. लावा. धूर येईल. पन्नास-साठ वर्षं झोपलेल्या यंत्रातले कंडेन्सर सुकलेले असतात, आणि आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणत तो फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, एकदा जळला की जोडीला दुसरा शोधणं म्हणजे पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड. शहाणा माणूस आधी सिरीज बोर्डावर बल्ब लावून हळूहळू वीज देतो. तुम्ही शहाणे असता तर हा लेख इथवर वाचला नसता, तरी सांगून ठेवतो: पिक्चर ट्यूबवर २०-२५ हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते बराच वेळ तिथेच दबा धरून बसतात. अर्थिंग देऊन ते उतरवल्याशिवाय हात घालू नका. एवढं एक वाक्य गंभीरपणे घ्या, बाकी लेख कसाही वाचा. क्ष-किरणांचीही काळजी करा थोडी. १९६७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत टीव्हींतून ते नको तेवढे बाहेर पडतात असं निघालं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्यावर कायदा केला. ‘टीव्हीजवळ बसू नकोस, डोळे जातील’ असं तुमची आई म्हणायची तेव्हा तुम्ही हसला होतात.

डोळ्यांवरून आठवलं. पडद्यावर कडेने बुरशीसारखे पांढुरके डाग दिसले तर घाबरू नका, टीव्हीला मोतीबिंदू झालाय. संग्राहक त्याला खरोखरच मोतीबिंदूच म्हणतात. ट्यूबच्या पुढे संरक्षक काच चिकटवलेली असते, तो चिकटा कालांतराने नासतो. शस्त्रक्रिया करता येते: ट्यूब बाहेर काढायची, काच बेताने गरम करायची आणि बारीक तार दोन्ही हातांत धरून चिकट्यातून करवतीसारखी फिरवत न्यायची. नीट जमलं तर दृष्टी परत येते. नाही जमलं तर निर्वात ट्यूब फुटते आणि तुमच्या दृष्टीचा प्रश्न उभा राहतो. डॉक्टरी शिकलेली मराठी मुलं शिकागोत खंडीभर आहेत, पण अजून एकालाही मी या कामाला तयार करू शकलो नाही.

पुढे येतो कन्व्हर्जन्सचा अध्याय. ट्यूबमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन बंदुका. तिघींनी एकाच ठिपक्यावर नेम धरला तर पांढरा रंग. त्यासाठी चासीवर डझनभर खुंट्या दिलेल्या असतात. डावीकडचा वरचा कोपरा जुळवला की उजवीकडचा खालचा रुसतो. त्याची समजूत काढावी तर मधलं फाकतं. ज्यांनी कधी महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी चालवली आहे, त्यांना वेगळं प्रशिक्षण लागत नाही. सॅम्स फोटोफॅक्टची घडीपत्रकं मात्र जवळ ठेवा. इंडियानापोलिसहून १९४६ पासून निघालेल्या या पोथ्यांत जवळजवळ प्रत्येक मॉडेलचं सर्किट छापलेलं आहे. वाचून काही कळलं नाही तरी पारायणाचं पुण्य मिळतंच.

आणि दिशा बघा. मी थट्टा करत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाने रंगीत ट्यूबचे रंग बिघडतात. जुना सेट पूर्वेकडून उत्तरेकडे फिरवला की कोपऱ्यात जांभळा डाग उमटू शकतो. त्या काळी नुसता टीव्ही हलवला तरी चुंबकत्व घालवायची गोल वेटोळी घेऊन मेकॅनिक घरी यायचा. वास्तुशास्त्राला विज्ञानाचा आधार आहे असं छातीठोकपणे सांगता येईल असं हे जगातलं एकमेव फर्निचर. तुमच्या त्या विशिष्ट काकांना फोन करून कळवा, त्यांना बरं वाटेल.

इतकं सगळं जमल्यावर बघायचं काय? हवेत काही नाही. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण थांबवलं. सेट-टॉप डबा, डब्याला त्याचं चित्र जुन्या चॅनलवर चढवणारा मॉड्युलेटर, मॉड्युलेटरला त्याची केबल अँटेनाच्या दोन स्क्रूंना जोडणारा बॅलन अशी वरात लावून तुम्ही तीन नंबरच्या चॅनलवर क्रिकेट आणाल. चित्र येईल. खेळाडूंचे चेहरे हिरवे असतील; एक बटण फिरवलं की वांग्यासारखे होतील. अमेरिकन रंगपद्धतीचं नावच एनटीएससी, आणि इंजिनिअर लोक त्याचा अर्थ ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ असा लावत. एरवीचं ठीक, पण १९६५ पूर्वीच्या सेटची २१ इंची ट्यूब गोल असते, ती चित्राचे कोपरे खाते. आणि धावफलक असतो कोपऱ्यात. मी भारताचा एक अख्खा डाव विकेट किती पडल्या हे न कळता पाहिला आहे. इतका शांत सामना आयुष्यात पाहिला नव्हता.

संग्रह चारपाचच्या पुढे गेला की कुटुंबाला ओहायोला न्या. कोलंबसजवळ हिलियर्डला जुन्या टीव्हींचं संग्रहालय आहे, पाच-सहा तासांची गाडी. मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या आहेत असं सांगितलं तरी चालेल, परतीच्या वाटेवर तसंही कुणी बोलत नाही.

मागच्या महिन्यात तळघरात सिल्व्हरटोन पहिल्यांदा रंगात लागला. मी लगेच सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ डोळे बारीक करून बघत होती.

“कुणाचा रे?”

“बर्विनमधल्या एका पोलिश बाईंचा होता. बघ, लाकूड बघ.”

“आपलाही लाकडीच होता. शटरचा.”

“हो ना. कुठाय तो?”

“तूच तर फोनवर म्हणालास, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, अडगळ नको. पाचशे धरले होते त्यांनी.”

मी फोन पुढे-मागे करत तिला चासी दाखवली, ५२८ चं लेबल दाखवलं, गोल ट्यूब दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं.

“ते असू दे. वर रुमाल का नाही घातलास? धूळ बसते.”

तर शेवटची सूचना. क्रोशाचा रुमाल, टीव्हीच्या वरच्या फळीपेक्षा सहा बोटं पुढे लोंबेल असा. अमेरिकेत मिळत नाही. सांगलीत अजून एकजण विणून देतात, पण माप आधी कळवावं लागतं, आणि माझ्या पाचांची ऑर्डर आधीच गेलेली आहे, तेव्हा तुमचा नंबर दिवाळीनंतर.