तू काप, मी सांगतो

मुक्त खेळ हवा की ठरवून दिलेले उपक्रम, हा वाद पालकांच्या ग्रुपवर पुन्हा पेटलाय. माझं मन कायम खेळाच्या बाजूचं. बालवाडीत पंधरा वर्षं काढल्यावर एवढा पक्षपात चालायचाच. पण एका मुलाने माझी चांगलीच जिरवली होती, ते सांगते.

मुलगा साडेचार वर्षांचा. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात आला की तिथला सगळा कारभार त्याच्याकडे. "हा दवाखाना. तू डॉक्टर, तू पेशंट, तू तिकडे रांगेत." मी नोंदवहीत लिहीत गेले: नेतृत्वगुण आहेत, भाषा उत्तम, सगळ्यांना सामावून घेतो. तीन महिने हेच. मग एक दिवस कात्रीकाम होतं, कागदावरच्या जाड रेघेवरून कापायचं. याने कागद शेजारणीकडे सरकवला आणि म्हणाला, "तू काप, मी सांगतो." मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मणी ओवतानाही तेच, "तू ओव, मी रंग सांगतो." तेव्हा मात्र हसू आलं नाही. घरी जाऊन जुन्या नोंदी काढल्या. दवाखाने कितीतरी उभे राहिले होते, पण त्यातला एक ठोकळा त्याने स्वतःच्या हाताने ठेवल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बोटांना जमत नव्हतं ते तो तीन महिने जिभेवर निभावून नेत होता, आणि मी त्याला नेतृत्व म्हणत होते!

लबाडी नव्हती हो त्यात. मुक्त खेळात मूल आपल्याला जमेल, आवडेल तेच निवडणार. म्हणून तिथे त्याचं बळ छान दिसतं आणि टाळाटाळ बेमालूम लपते. साधारण दोन वर्षांचं मूल सहाएक ठोकळ्यांचा मनोरा रचतं, तीनच्या आसपास बघून गोल काढतं, चौकोन जमायला चार उलटावी लागतात. थोडं मागेपुढे चालतं. पण हे बघायचं तर ठोकळे आणि खडू त्याच्या पुढ्यात ठेवावेच लागतात.

आता उपक्रमवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे, त्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग आठवा. वस्तूंच्या दोन सारख्या रांगा, त्यातली एक मोठ्या माणसाने पसरवली की लहान मुलं म्हणतात, हिच्यात जास्त. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग केला, फक्त रांग विस्कटायचं काम एका खोडकर टेडीला दिलं. आता कितीतरी जास्त मुलं "सारखेच आहेत" म्हणाली. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी करतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, असं मुलाला वाटत असावं. आपण तरी काय करतो? "नीट बघ बरं, कोणता रंग?" म्हटलं की मूल रंग सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

त्या मुलानंतर मी स्वतःला नोंदवहीत विशेषणं लिहायची बंदी घातली. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, ते एका वेळी एका मुलाला एक मिनिट बघून. त्यात दुसऱ्यांचा खेळ नुसता बघत उभं राहणं हाही एक वेगळा प्रकार आहे. आपण अशा मुलाला 'लाजाळू' लिहून मोकळे होतो. एका मिनिटाची सवय मीही लावून घेतली. आता नोंद अशी असते: 'कात्री दोन्ही हातांनी धरली. दोनदा उघडली. खाली ठेवली. खिडकीकडे गेला.' वाचायला कंटाळवाणी, पालकसभेत तर फारच फिकी. एका आईने विचारलंही, "पण ताई, हुशार आहे ना?"

त्या मुलाला वेगळा सराव म्हणून काही दिला नाही. दवाखान्यात कागदाचे लांब तुकडे आणि कात्री ठेवली, मलमपट्टीसाठी. पहिले दोन दिवस त्याने नर्स नेमली आणि तिच्याकडून पट्ट्या कापून घेतल्या. तिसऱ्या दिवशी नर्स झोपाळ्यावर निघून गेली. पेशंट पाय पुढे करून ओरडत होता. याने इकडेतिकडे बघितलं, कात्री उचलली, ओठ दाताखाली धरले आणि कापलं. पट्टी इतकी वाकडी की गुडघ्याऐवजी नडगीवर बसली. पेशंटला चालली.