खुलासा : रझा शाह आणि टोळ्यांच्या बंदुका

‘इराणचा राजा रझा शाह याने एका फर्मानात इराणच्या सगळ्या भटक्या टोळ्या निःशस्त्र केल्या, त्या कायमच्या गावांत स्थिरावल्या’ हा फिरणारा मजकूर मूळ माझाच. चूक माझी.

शस्त्रं वर्षानुवर्षं, लष्कर घालून काढली गेली. 1929 मध्ये दक्षिण इराणच्या फार्स प्रांतातल्या कश्काई या भटक्या टोळ्या उठल्या त्या शस्त्रजप्ती, कर आणि सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध. स्थलांतराच्या वाटा अडवल्यामुळे जनावरं मेली, हे तर मी लिहिलंच नव्हतं.

आणि ‘कायमच्या’ कशावरून? 1941 मध्ये शाहने गादी सोडताच अनेक जण पुन्हा कुरणांच्या वाटेला लागले. 1943 मध्ये कश्काई व बोयर अहमदी या टोळ्यांनी सेमिरोम गावची लष्करी छावणी जिंकून घेतली. म्हणजे बंदुका होत्याच की!

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासाही टाका.