कमी आलेला आकडाच खरा?

हुशार मुलांच्या पालकांमध्ये एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘वाचनाच्या दोन चाचण्यांचे निकाल जुळत नसतील तर कमी आलेला खरा धरा. एकीत सातवीची पातळी आणि दुसरीत मुलाच्याच इयत्तेची आली, तर पहिली चाचणी पालकांना खूश करण्यासाठी होती. खरोखर हुशार मूल सगळीकडे सारखंच दिसतं. पुढच्या वेळी आकडा घसरला, तर हुशारी ओसरली.’ खाली अर्थातच ‘जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा’. पोहोचवण्याआधी एकेक वाक्य तपासू.

आधी ती ‘सातवीची पातळी’. तिसरीतल्या मुलीच्या अहवालात ७.२ लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ एवढाच की सातवीच्या दुसऱ्या महिन्यातल्या सरासरी मुलाने हीच चाचणी दिली, तर त्याचे गुण साधारण इतकेच येतील. ती सातवीचं विज्ञानाचं पुस्तक वाचून समजू शकते, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. अनेकदा तर त्या चाचणीला सातवीची मुलं बसवलेलीच नसतात. खालच्या इयत्तांच्या गुणांची रेघ पुढे ओढून आकडा काढलेला असतो. तेव्हा या आकड्याने हुरळून जाऊ नका, हे म्हणणं मला मान्य आहे. पण म्हणून चाचणी खोटी ठरत नाही. आपण तिचा आकडा चुकीचा वाचतो, इतकंच. तसाच गोंधळ टक्के आणि पर्सेंटाइलचा. एका अहवालात ८८ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्यात ९८ पर्सेंटाइल, आणि पालक दोन्ही शेजारी ठेवून दहाचा फरक काढतात! पहिला आकडा सांगतो किती प्रश्न जमले, दुसरा सांगतो शंभरातली साधारण किती मुलं मागे आहेत. यांची वजाबाकी होतच नाही. तुलना करायचीच तर दोन्हींचे प्रमाणित गुण मागा, म्हणजे मूल सरासरीपासून किती दूर आहे हे एकाच मापात सांगणारे गुण. बहुतेक चाचण्यांत त्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती गुण किती पसरलेत याचं माप, १५ असतं; म्हणजे १३० गुण साधारण ९८ पर्सेंटाइलला येतात.

आता मुख्य मुद्दा, जो त्या मजकुरात गृहीतच धरलाय: दोन्ही चाचण्या एकच गोष्ट मोजतात. मोजत नाहीत. एकीत सुट्या शब्दांची यादी वाचायची असते, दुसरीत निरर्थक शब्द, म्हणजे अर्थ नसलेले, नुसती अक्षरं जोडून वाचायचे. एकीत घड्याळ लावून मोठ्याने वाचायचं, दुसरीत मनात, हवा तेवढा वेळ घेऊन. कुठे गाळलेली जागा भरायची, कुठे उताऱ्यावरचे प्रश्न. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले भाषेचं आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर वाचनही शून्य. जेनिस कीनन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नावाजलेल्या आकलन चाचण्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर काहींमध्ये गुण प्रामुख्याने शब्द ओळखण्यावर ठरत होते आणि काहींमध्ये भाषेच्या समजेवर. नाव मात्र सगळ्यांचं ‘आकलन’.

हुशार मुलाच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. २००६ मध्ये कीनन आणि बेट्जमन यांनी ग्रे ओरल रीडिंग टेस्ट या उतारे मोठ्याने वाचायच्या चाचणीचे प्रश्न कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उताराच न दाखवता विचारले, तर बहुतेक उत्तरं बरोबर आली. (पुढच्या आवृत्तीत प्रश्न बदलले गेले, हे न्यायाने सांगायला हवं.) ज्या मुलाला जगातलं शंभर प्रकारचं ठाऊक असतं, ते असे प्रश्न अंदाजाने मारून नेतं. १९८८ चा रेक्ट आणि लेस्ली यांचा प्रयोगही तेच सांगतो: बेसबॉलचं ज्ञान असलेल्या कच्च्या वाचकांना बेसबॉलचा उतारा, त्या खेळातलं फारसं न कळणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा चांगला समजला. उताऱ्याचा विषय बदलला की त्याच मुलाचा आकडाही बदलतो.

‘खरोखर हुशार मूल सगळीकडे सारखंच दिसतं’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. काही तल्लख मुलांना डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द ओळखून वाचण्यातली अडचण, असतो. ती संदर्भावरून अर्थ लावतात, त्यामुळे आकलनात वरच्या गुणांवर. पण निरर्थक शब्द, वेग आणि शुद्धलेखन यांत अडखळतात. कमी तोच खरा म्हटलं तर त्यांची बुद्धी नाकारली जाते, जास्त तोच खरा म्हटलं तर त्यांची अडचण. उलटही दिसतं: खाडखाड वाचणारं पण अर्थ विचारला की गप्प होणारं मूल. दोन्हींत निदानाचा धागा त्या तफावतीतच असतो, आणि हा मजकूर नेमका तोच पुसून टाकायला सांगतो.

राहिली घसरण. १२८ चे १२१ झाले तर काय ओसरलं? चाचणीची विश्वासार्हता (पुन्हा घेतली तर गुण किती स्थिर राहतात, याचं ० ते १ मधलं माप) ०.९१ धरली, तर मोजमापाची प्रमाण चूक, म्हणजे गुण नुसत्या योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होतात ते, साडेचार गुण येते, म्हणजे १२८ भोवतीचा ९५ टक्के पट्टा, जिथे खरा गुण बहुधा असेल तो, ११९ ते १३७. सातचा फरक त्यात आरामात मावतो. शिवाय फार वरच्या गुणांमुळे निवडलेलं मूल दुसऱ्यांदा सरासरीकडे थोडं सरकलेलं दिसणं अपेक्षितच असतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्येच उंचीच्या आकड्यांवरून हे दाखवलं होतं. आणि चाचणीतले सगळ्यांत अवघड प्रश्नही मुलाला सोपे असतील, तर वर जायला जागाच उरत नाही. एक निष्काळजी चूकही मग महागात पडते.

‘पालकांना खूश करणारी चाचणी’ या आरोपाला पुरावा दिलेला नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

अहवाल देणाऱ्याला विचारा: वेळेचं बंधन होतं का, मोठ्याने की मनात, प्रश्न कसले, तुलना कोणत्या मुलांशी, पट्टा किती? मग तिसऱ्या चाचणीचे पैसे भरण्याआधी घरी एक करून बघा. मुलीला मुळीच न आवडणाऱ्या विषयाचं एक पान मोठ्याने वाचायला सांगा, पुस्तक मिटा, आणि काय कळलं ते विचारा. कुठे अडली, शब्दांवर की अर्थावर, तेवढं लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत दोन्ही अहवालांसोबत तो कागदही न्या.